दीड, अडीच, साडेतीन

माता-बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या लसींच्या तारखा आठवड्यांत छापलेल्या असतात. ६, १०, १४. घरात मात्र कुणी आठवडे मोजत नाही. दीड महिन्याचा डोस, अडीचचा, साडेतीनचा, मग नवव्या महिन्याचा, दीड वर्षाचा आणि पाचव्या वर्षाचा. नाशिकच्या पंचवटीतल्या वाड्यात असो, सिडकोच्या चाळवजा घरांत असो की सुरगाण्याच्या पाड्यावर, आशाताई याच भाषेत सांगतात आणि आईलाही ते लक्षात राहतं. अडचण लक्षात ठेवण्याची नाहीच. बाळाला सर्दी आहे, मामाकडे जायचंय, सध्या घरात लग्न आहे, म्हणून 'पुढच्या वेळी घेऊ' असं ठरतं आणि अडीच महिन्यांचा डोस चौथ्या महिन्यात जातो. लसीला ठाम नकार देणारी घरं थोडी असतात. लसीला उशीर करणारी, मनाने चांगली, बाळावर जीव टाकणारी घरं खूप जास्त असतात. माझ्या मते खरा धोका या दुसऱ्या गटातल्या बाळांना आहे, कारण त्यांची काळजी कुणालाच वाटत नाही.

या तारखा कुणी सोयीसाठी ठरवलेल्या नाहीत. बाळ जन्माला येतं ते आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बरोबर घेऊन. ही शिदोरी पहिल्या काही महिन्यांत संपत जाते. नेमक्या त्याच काळात मोठ्या भावंडांच्या नाका-घशातले जंतू बाळाच्या नाकात मुक्कामाला येतात. न्यूमोकोकस हा त्यांतला मुख्य. निरोगी मुलाच्या नाकात तो निवांत राहतो, काही करत नाही. पण विषाणूच्या साध्या सर्दीने नाकाचं आतलं अस्तर सुजलं, बाळ अशक्त असलं, चुलीच्या धुरात असलं की तो फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. रक्तात शिरला तर सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जीवघेणा जंतुसंसर्ग, मेंदूच्या आवरणात पोचला तर मेंदूज्वर. हिब नावाचा दुसरा जंतू याच वाटेने जातो आणि त्याचे गंभीर रुग्ण बहुतांशी दोन वर्षांच्या आतलेच असतात. म्हणजे लसीचं काम सहाव्या-सातव्या महिन्याच्या आधी उरकलेलं असायला हवं. साडेतीन महिन्यांचा डोस आठव्या महिन्यात दिला तर तो वाया जात नाही, पण मधले साडेचार महिने बाळ अर्धवट संरक्षणावर काढतं, आणि धोक्याचा काळ तोच असतो.

आणखी एक गोष्ट समजली की या लसींबद्दलचा आदर वाढतो. न्यूमोकोकस आणि हिब या दोघांच्या अंगावर शर्करेच्या लांब साखळ्यांचं आवरण असतं. मोठ्या माणसाची प्रतिकारशक्ती हे आवरण ओळखते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची ओळखत नाही. नुसतं आवरण टोचलं तरी शरीर ढिम्म. म्हणून शास्त्रज्ञांनी ते आवरण एका प्रथिनाला जोडलं. प्रथिनाला बाळाचं शरीर उत्तर देतं आणि त्याच्यासोबत आवरणही लक्षात ठेवतं. या जोडलसींमुळे दीड महिन्याच्या बाळाचं संरक्षण शक्य झालं. शिवाय लस घेतलेल्या मुलांच्या नाकात हे जंतू कमी टिकतात, त्यामुळे शेजारच्या, अजून डोस न झालेल्या तान्ह्यालाही थोडा आडोसा मिळतो.

हिबची लस सरकारी कार्यक्रमात पेंटाव्हॅलंटच्या रूपात आली. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब, पाचही एकाच सुईत. डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून सुरुवात झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती देशभर पोचली. न्यूमोकोकसची लस, म्हणजे पीसीव्ही, २०१७ मध्ये हिमाचल आणि बिहार-उत्तर प्रदेशच्या काही जिल्ह्यांत आली आणि २०२१ मध्ये देशभर. त्याआधी ती फक्त खासगी दवाखान्यात मिळायची आणि किंमत ऐकून बहुतेक आईवडील परत फिरायचे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये न्यूमोसिल ही दहा प्रकारांवरची देशी लस आणली. न्यूमोकोकसचे शंभराहून जास्त प्रकार आहेत, तेव्हा कोणतीच लस सगळ्यांना पुरी पडत नाही. पण गंभीर आजार करणारे मोजकेच प्रकार जास्त आढळतात आणि लस त्यांच्यावर बेतलेली असते. लस घेऊनही एखाद्या बाळाला न्यूमोनिया होऊ शकतो. विषाणूंमुळेही तो होतो. हे आधीच सांगितलं नाही, तर पहिल्या न्यूमोनियानंतर घरातल्यांचा लसीवरचा विश्वास उडतो.

दीड महिन्याच्या दिवशी नेमकं काय होतं ते आधी माहीत असलेलं बरं. तोंडातून पोलिओचे दोन थेंब आणि रोटाव्हायरसची लस. डाव्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला पेंटाव्हॅलंट अर्धा मिली. उजव्या मांडीत त्याच जागी पीसीव्ही, अर्धा मिली. उजव्या दंडावर कातडीत पोलिओचं छोटंसं इंजेक्शन, ०.१ मिली. एकाच दिवशी तीन सुया पाहून आजीचा जीव वरखाली होतो आणि 'दोन आज द्या, एक पुढच्या आठवड्यात' अशी विनवणी सुरू होते. ती मान्य करू नये. रोजच्या श्वासातून, दुधातून, हातातून बाळ हजारो जंतूंना तोंड देतच असतं. तीन सुयांमधले घटक त्यापुढे नगण्य आहेत, आणि पुढच्या आठवड्यावर ढकललेली सुई पुष्कळदा राहूनच जाते. अडीच महिन्यांना एकच सुई, पेंटाव्हॅलंटची. साडेतीनला पुन्हा तीन. पीसीव्हीचा बूस्टर नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाबरोबर. तो टाळू नका, कारण पहिल्या दोन डोसांनी तयार झालेलं संरक्षण टिकवण्याचं काम तो करतो. गोवराची लसही या विषयातच मोडते. गोवर विषाणूमुळे होतो, पण त्यातून पुढे जीवाणूंचा न्यूमोनिया होतो आणि शरीराची आधीची प्रतिकाराची आठवणही गोवर पुसतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई-भिवंडीबरोबर आपल्या मालेगावात गोवराचा उद्रेक झाला, त्याकडे निव्वळ पुरळाचा आजार म्हणून पाहता येत नाही.

टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबायचं. तीव्र अ‍ॅलर्जी फार क्वचित होते, पण झाली तर बहुधा त्याच अर्ध्या तासात, आणि तिथे औषध हाताशी असतं. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप, किरकिर, मांडी लाल होणं हे अपेक्षित आहे. थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा ठेवावा. चोळू नये, शेकू नये, हळद-तेल लावू नये. नंतर कधी तिथे न दुखणारी गाठ राहते, ती काही आठवड्यांत जिरते. तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर ठेवून. इथे एक चूक वारंवार होते. तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि साध्या सिरपच्या पाच मिलीत साधारण १२० ते १२५. थेंब संपले म्हणून सिरप आणलं आणि मिली तितकेच ठेवले तर डोस फार कमी पडतो. उलटं केलं, सिरपच्या मापाने थेंब दिले, तर बाळाच्या यकृतावर बेततं. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडू नये. तीन तासांहून जास्त अखंड रडणं, झटका, अंग ढिलं पडणं, खूप जास्त ताप यांपैकी काही झालं तर लगेच दवाखाना गाठावा आणि पुढच्या डोसाच्या वेळी नर्सबाईंना ते आठवणीने सांगावं.

खासगीत 'न दुखणारी' लस मिळते. तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक भागच असतात, म्हणून ताप कमी येतो. पण तिचं डांग्या खोकल्याविरुद्धचं संरक्षण लवकर ओसरतं. सरकारी लसीतला अख्खा मारलेला जंतू ताप जास्त आणतो आणि संरक्षणही जास्त काळ देतो. पैसे देता येत नाहीत म्हणून आपण बाळाला कमी प्रतीचं काही देतोय, हे मनात बाळगण्याचं कारण नाही.

सर्दी, हलका ताप, जुलाब, अँटिबायोटिक चालू असणं, बाळ वेळेआधी जन्मलेलं असणं, घरात कुणाला फिट येणं, यांपैकी एकाही कारणाने लस थांबत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळालाही जन्मतारखेपासूनच मोजायचं, भरल्या दिवसांच्या तारखेपासून नाही. उलट त्याला आईची प्रतिपिंडं कमी मिळालेली असतात, तेव्हा त्याची घाई जास्त. लस थांबवायची ती बाळ खरोखर आजारी, दाखल करण्याइतकं असेल तेव्हा, किंवा आधीच्या डोसाला तीव्र अ‍ॅलर्जी किंवा मेंदूवरचा गंभीर परिणाम झाला असेल तेव्हा.

नाशिक जिल्ह्यात या वेळापत्रकाच्या आड सगळ्यात जास्त येते ती शेती. ऑक्टोबरात द्राक्षबागांची गोडी छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात. पुढे डिपिंग, विरळणी आणि काढणी मार्चपर्यंत. ऑगस्टअखेर पाड्यावर जन्मलेल्या बाळाचा दीड महिना ऑक्टोबरात भरतो, अडीच नोव्हेंबरात, साडेतीन डिसेंबरात. तिन्ही तारखा बागेत. गावच्या आशाच्या यादीत बाळाचं नाव असतं, बाळ नसतं. बागेच्या गावच्या आशाच्या यादीत बाळाचं नावच नसतं. ऊसतोड आणि वीटभट्टीवरच्या लेकरांचं हेच. खरं तर लस कुठल्याही गावच्या अंगणवाडीत, उपकेंद्रात, महापालिकेच्या दवाखान्यात मिळते. त्या गावचं रहिवासी असण्याची अट नाही आणि पैसे लागत नाहीत. बागायतदाराने मजुरांच्या मुक्कामी तान्हं बाळ आलंय एवढं गावच्या आशाताईला फोन करून कळवलं तरी पुष्कळ होतं. फवारणीच्या तारखा ज्या वहीत काटेकोर लिहिल्या जातात, त्याच वहीत ही एक ओळ बसते.

थंडीत निफाडचा पारा पुष्कळदा राज्यात सगळ्यात खाली जातो आणि त्या दिवसांत मुलांच्या वॉर्डात धाप लागलेली बाळं जास्त येतात. बंद खोली, शेकोटीचा धूर, एका पांघरुणात तीन मुलं. 'छाती भरलीय', 'पोट उडतंय' असं आई सांगते. तिचं निरीक्षण बहुधा बरोबर असतं. न्यूमोनिया ओळखायला यंत्र लागत नाही. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगावरचा कपडा वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, तान्ह्याचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, हा वेगवान श्वास. तो दिसला की त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, सगळं ओकत असेल, झटका आला असेल, उठवूनही उठत नसेल, तर वाट पाहायचीच नाही. १०८ ला फोन. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेलं ऑक्सिमीटर तान्ह्याच्या बोटावर नीट बसत नाही, चुकीचे आकडे दाखवतं. त्यावर ९७ दिसलं म्हणून थांबू नये. पोटावर डाग देणं, बिब्बा लावणं, छातीवर गरम तेल थापून दोन दिवस पाहणं, यात जाणारे दोन दिवस फार महाग पडतात.

मेंदूज्वराचं तर आणखी अवघड आहे. मोठ्या मुलाची मान आखडते. तान्ह्याची आखडेलच असं नाही. त्याची टाळू फुगते, रडण्याचा सूर बदलतो, कडेवर घेतल्यावर शांत होण्याऐवजी ते जास्तच कळवळतं, किंवा नुसतंच मलूल पडून राहतं. अशा वेळी डॉक्टर पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला सांगतात आणि घरातले हादरतात. 'पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं होतं' ही भीती गावात आणि शहरात सारखीच. ही सुई कमरेपाशी, मणक्याच्या खालच्या भागात घालतात, तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, नुसत्या नसा पाण्यात तरंगत असतात. लुळेपण येतं ते आजाराने, आणि तपासणीला नकार देऊन गमावलेल्या वेळाने. दुसरी गफलत त्याआधीच झालेली असते. गल्लीतल्या दवाखान्यात अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस झालेले असतात, त्यामुळे पाण्यात जंतू वाढतच नाही आणि कोणता जंतू, कोणतं औषध, हे अंदाजाने ठरवावं लागतं. आधी काय दिलंय त्या स्ट्रिप आणि बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात. आणि मूल बरं होऊन घरी आलं की महिन्याभरात कानांची तपासणी करून घ्यावी. मेंदूज्वरानंतर येणारं बहिरेपण लहानग्यात लक्षात येत नाही. ते उशिरा बोलतं, एवढंच दिसतं, आणि तोवर शिकण्याचं महत्त्वाचं वर्ष निघून गेलेलं असतं.

लसीच्या साठवणुकीबद्दल लोक उन्हाची चिंता करतात. बीसीजी (क्षयाची लस), गोवर-रुबेला आणि तोंडावाटेच्या पोलिओ लसीला ती लागू आहे. पेंटाव्हॅलंट, पीसीव्ही, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) या लसींना मात्र गोठणं जास्त घातक. २ ते ८ अंश सेल्सियस, त्याखाली नाही. त्यांच्यात अ‍ॅल्युमिनियमचं संयुग असतं. ते गोठलं की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि लस निकामी होते, पुन्हा वितळवून सुधारत नाही. म्हणून लस नेण्याच्या पेटीतल्या, म्हणजे कॅरिअरमधल्या, चार बर्फपाकिटांना आधी बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबायचं असतं. सकाळच्या गडबडीत हीच पायरी गाळली जाते. सरकारी कुपीवर वर्तुळात एक चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली. सारखा किंवा गडद झाला तर फेकायची. पण हा चौकोन फक्त उष्णतेचा हिशेब ठेवतो, गोठण्याचा नाही. मेडिकलमधून विकत घेतलेली लस आईवडील बर्फाच्या पिशवीत खुपसून डॉक्टरांकडे नेतात, ते यासाठीच धोक्याचं. कुपी बर्फाला टेकू नये, मध्ये जाड कागद किंवा कापड असावं. त्यापेक्षा डॉक्टरांच्या फ्रिजमधलीच लस घ्यावी हे उत्तम. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी एकदा पाण्यात मिसळली की चार तासांतच वापरायची असते. कुपीवर उघडल्याची वेळ लिहिली आहे का, हे विचारायला कुणीही संकोचू नये.

डांग्या खोकल्याने दगावणारी बाळं बहुतेक तीन महिन्यांच्या आतली असतात, आणि इतक्या लहानांना तो ओळखीचा 'हूप' आवाज बहुधा येत नाही. ती खोकतात, निळी पडतात, कधी नुसता श्वासच थांबतो. त्यांच्यासाठी आईने गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) घेणं हा खात्रीचा उपाय आहे. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला टीडी (धनुर्वात-घटसर्प) मिळते, तिच्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो. परवडत असेल तर हा खर्च बारशाच्या खर्चाआधी करावा.

घटसर्पाचं चित्र वेगळं आहे. आता तो पाच वर्षांपुढच्या मुलांतही आढळतो, कारण पहिले तीन डोस झाले की घरात 'लसी झाल्या' असं वाटतं. दीड वर्षाचा आणि पाचव्या वर्षाचा डीपीटी बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षाची टीडी, या चार सुया सगळ्यात जास्त चुकतात. घशात राखाडी पडदा, खरवडला तर रक्त, मान सुजलेली. या आजारात प्रतिविष सीरम जितकं लवकर मिळेल तितकं बरं. विष एकदा हृदयाच्या पेशींत शिरलं की सीरम ते बाहेर काढू शकत नाही. पोर घशातून सावरतं आणि दुसऱ्या आठवड्यात हृदय दगा देतं. बालवाडीत किंवा पहिलीत नाव घालताना जन्मदाखला मागतात, तसं लसीकरण कार्ड मागून पाचव्या वर्षाचा रकाना बघावा, अशी प्रत्येक मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती आहे.

पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो आणि तिथे हा सगळा विषय दुप्पट गंभीर होतो. या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होते. रक्तातून न्यूमोकोकस गाळून काढायचं काम तिचं, त्यामुळे तो काही तासांत सेप्सिस करू शकतो. अशा मुलाला पीसीव्हीचे सगळे डोस, दोन वर्षांनंतर २३ प्रकारांवरची लस आणि पाच वर्षांनी तिचा पुन्हा एक डोस. शिवाय रोज दोन वेळा पेनिसिलिन, तीन वर्षांपर्यंत १२५ मिलिग्रॅम आणि पुढे पाच वर्षांपर्यंत २५०. सिकलसेलच्या मुलाचा ताप घरी पाहायचा नसतोच. त्याच रात्री निघायचं.

टायफॉईडची जोडलस सरकारी वेळापत्रकात नाही. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ती स्वतःहून मुलांना दिली, म्हणजे महापालिकेला हे जमू शकतं. गोदाकाठच्या शहरालाही जमावं. खासगीत सहा महिन्यांनंतर तिचा एक डोस मिळतो आणि उघड्यावरचं पाणी-बर्फ टळत नसेल तर तो घ्यावा. मेनिंगोकोकसची लस सगळ्यांना लागत नाही. प्लीहा काढलेली मुलं, काही जन्मजात प्रतिकारदोष आणि हजला जाणारे, यांना ती प्रामुख्याने लागते. २००० मध्ये हजमधून या आजाराचा एक प्रकार देशोदेशी पसरला होता.

आता चुकलेल्यांचं. कितीही उशीर झाला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करायची नाही, जिथे थांबली तिथून पुढे, दोन डोसांत निदान चार आठवडे (पीसीव्हीला आठ) ठेवून. पेंटाव्हॅलंट आणि पीसीव्हीचा एक तरी डोस पहिल्या वाढदिवसाआधी झाला असेल तर उरलेले नंतर पूर्ण करता येतात. एकही झाला नसेल तर सरकारी केंद्रात वर्षानंतर पेंटाव्हॅलंटऐवजी डीपीटी मिळते, सात वर्षांपर्यंत; हिब आणि न्यूमोकोकसचं मग खासगीत विचारावं लागतं. बीसीजी वर्षापर्यंत, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. कार्ड हरवलं तर लस थांबवू नये. उपकेंद्राच्या नोंदवहीत आणि यू-विनवर (लसीकरणाची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंद शोधावी, डाव्या दंडावर बीसीजीचा वण बघावा. काहीच सापडलं नाही तर लस झालीच नाही असं धरून द्यावी. एखादा डोस जास्त झाला तर टोचलेली जागा थोडी अधिक सुजते, एवढंच. नवीन कार्ड मिळालं की त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो आईच्या आणि बापाच्या, दोघांच्याही मोबाईलमध्ये असावा.